पूर्णेच्या बंधाऱ्यातलं निवळ पाणी

इंद्रभान जन्मला मेंढरांमागं आणि म्हातारा झाला बंधाऱ्यावर. केदारखेड्याच्या खालच्या अंगाला, पूर्णा नदीवर, त्याच्या गावाचा कोल्हापुरी बंधारा आहे. सिमेंटचे खांब, खांबांना खाचा आणि खाचांत बसणारी लोखंडी दारं. पावसाळ्यात दारं काढून ठेवायची, पूर निघून जाऊ द्यायचा. दिवाळीच्या अलीकडे नदी शांत झाली की दारं पुन्हा बसवायची, दारांच्या दोन रांगांमध्ये काळी माती ठोकून भरायची आणि उन्हाळ्याची तजवीज करायची. बावीस वर्षं हे काम इंद्रभानचं. माती नुसती पायानं दाबून तो सांगायचा की हिच्यातून पाणी पाझरणार की नाही, आणि त्याचं सांगणं चुकल्याचं कुणाला आठवत नाही. गावात त्याला ‘दारवाला इंद्रभान’ म्हणत आणि ते म्हणणं त्याला आवडायचं. माणसाला कशाचा अभिमान वाटावा याला काही कायदा नाही.

त्याचा बाप मेंढरं घेऊन आठ महिने फिरायचा. त्या काळी शेतकरी धनगराला स्वतः बोलवायला यायचे. पेरणीआधी रानात चार मुक्काम मेंढरं बसवली की असं खत पडायचं की दोन वर्षं बघायला नको. बदल्यात ज्वारी मिळायची, मान मिळायचा. मग युरियाच्या गोण्या आल्या. गोणीची मिनतवारी करावी लागत नाही, तिला चारा लागत नाही आणि ती शेजाऱ्याच्या पिकात तोंड घालत नाही. बोलावणी बंद झाली, गायरानं गेली, आणि बाप वारल्यावर इंद्रभाननं कळप विकून बंधाऱ्याचं काम धरलं. घरात उरली ती त्याच्या बायकोची, आसराबाईची मेंढरं. लग्नात तिच्या बापानं सात मेंढ्या आंदण दिल्या होत्या. त्या सातांची वाढत वाढत आता एक्केचाळीस झाली होती. ती विकायची गोष्ट इंद्रभाननं एकदाच काढली. आसराबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही, भाकरी मात्र वेळेवर वाढत राहिली. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

बापाकडून त्याला वारशात एकच गोष्ट मिळाली, पाण्याची पारख. परक्या मुलखात धनगर सगळा कळप एकदम पाण्यावर सोडत नाही. आधी एक म्हातारी मेंढी पाजायची. मग बाजूला बसून एक चिलीम ओढून होईस्तोवर तिच्याकडं बघत राहायचं. ती रवंथ करत उभी राहिली तर पाणी चांगलं. पाय ताठले, तोंडाला फेस आला, तर बाकीची हाकलून न्यायची. एकीच्या जिवावर दोनशे वाचतात. इंद्रभान चिलमीच्या जागी दोन बिड्या ओढायचा, एवढाच फरक.

या वर्षी माघातच बंधाऱ्याचं पाणी फिरलं. आधी कडेला हिरवं पीठ सांडल्यासारखं दिसू लागलं, मग त्याची साय धरली. पश्चिमेचा वारा सुटला की ती साय सरकत सरकत दारांशी गोळा व्हायची आणि रंगाचा डबा उपडा केल्यागत जाड थर बसायचा. वास असा की खाल्लेलं अन्न वर यावं. याचं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. दोन्ही काठांना मोसंबीच्या बागा, कपाशी, आलं. एकानं दोन गोण्या टाकल्या की शेजारचा तीन टाकणार, कारण आपली बाग शेजाऱ्यापेक्षा फिकी दिसली तर नाक कापल्यासारखं होतं. त्यावर अवकाळी सरी आल्या की निम्मं खत नाल्यानं नदीत. गावाची गटारंही नदीतच. पूर्वी नदी होळीपर्यंत वाहायची, तेव्हा सगळ्यांची पापं पुढच्या गावाला जायची. आता वर जागोजागी पाणी अडवलेलं. संक्रांतीच्या आधीच धार तुटते आणि ज्याची घाण त्याच्याच दारात साचते.

इंद्रभाननं मेंढरांना हिरव्या पाण्याकडं फिरकू दिलं नाही. आसराबाई रोज दीड कोस चालून माळावरच्या हौदावर कळप पाजायची आणि दीड कोस परत यायची. ऊन चढू लागलं. बारा मेंढ्या गाभण होत्या, त्यातली एक वाटेतच गाभडली. आसराबाईनं ते मेलेलं कोकरू ओच्यात घालून घरी आणलं, परसात पुरलं आणि नवऱ्याला म्हणाली, “तुमच्या बंधाऱ्यात येवढं पानी हाय, अन् मह्या मेंढ्या पान्यापायी मरू राह्यल्या.”

त्याच आठवड्यात बदनापूरहून गाडीवर एक मुलगी आली. शीतल तिचं नाव. जालन्याच्या कॉलेजात शिकत होती आणि नद्यांच्या पाण्याचे नमुने गोळा करत हिंडत होती. चपला काढून, सलवार वर खोचून ती सरळ पाण्यात उतरली आणि बाटल्या भरू लागली. इंद्रभानला बरं वाटलं. बंधाऱ्यावर येणारे साहेब गाडीची काच खाली करून पाणी बघतात.

“मामा, हे जनावरांना पाजता का?” तिनं विचारलं.

“बिलकुल न्हाई. पर हे झालं कशानं, बाई?”

“खतानं. पिकाला टाकतो तेच खत शेवाळ खातंय. पाणी वाहतं असतं तर इतकं माजलं नसतं. उभं राहिलं, तापलं, मग त्याला मोकळं रान मिळालं.”

“अन् मंग वाहून गेल्यालं कुठं जातं?”

शीतल काठावर बसली. पायाला लागलेली हिरवी घाण गवतानं पुसत तिनं सांगितलं. पूर्णा गोदावरीला मिळते, गोदावरी समुद्राला. जिथं मिळते तिथं किनारा आत वळलेला असेल, खाडी असेल, आखात असेल, तर पाणी आत आल्यावर लवकर बाहेर पडत नाही, घुटमळत राहतं. तिथंही असंच हिरवं होतं. मग ते मरतं, तळाला जाऊन कुजतं, आणि कुजताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं. मासे गुदमरून मरतात.

“म्हंजी आमच्या भुजंगराव मोसंबीवाल्याच्या बागंतला युरिया पार सुमद्रात?”

“सगळ्यांच्याच बागेतला, मामा. त्यात गंमत अशी की नदीच घाण घेऊन जाते आणि नदीच ती धुऊनही काढते. नदीला जोर असला की ती आखातातलं पाणी ढकलून बाहेर नेते. जोरच नसला तर घाण पोचते आणि तिथंच बसते. तुमच्या बंधाऱ्यात झालंय तेच, फक्त मोठं.”

इंद्रभाननं समुद्र कधी पाहिला नव्हता. पण खाचेत अडकलेल्या पाण्याचा स्वभाव त्याला चांगला ठाऊक होता, त्यामुळं तो समुद्र त्याला एकदम कळला. जाताना शीतलनं आपला नंबर एका कागदावर लिहून दिला आणि बजावलं, “निकाल येईपर्यंत हे पाणी जनावरांना द्यायचं नाही. मग ते दिसायला कसंही असो.” इंद्रभाननं मान हलवली. शेवटचे शब्द त्यानं ऐकले, पण मनात ठेवले नाहीत. दिसायला हिरवं सोडून आणखी कसं असणार?

दुसऱ्या दिवशी तो भुजंगरावाकडं गेला. भुजंगराव पाणी संस्थेचा अध्यक्ष आणि काठावरच्या सहा एकर मोसंबीचा मालक. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त आपल्या बागेपलीकडचं दिसत नव्हतं, आणि हा आजार गावात त्याला एकट्यालाच होता असंही नाही.

“मालक, हरेक खाचंतली वरची दोन-दोन दारं काढू द्या,” इंद्रभान म्हणाला. “वरची साय निघून जाईल. पानी जरा हलंल.”

“येडा झाला का? मिरगापत्तोर बाग कशावर जगवू? एक थेंब सोडायचा न्हाई.” भुजंगरावानं जरा विचार केला. “हिरवंच मारायचं हाय ना? मंग मोरचूद टाक. मी मह्या विहिरीत दरसाल टाकतो. चार दिसांत पानी आरशावानी.”

मोसंबीवाल्याच्या घरात एक वेळ मीठ नसेल, मोरचूद, तो तांब्याचा निळा खडा, असणारच. झाडाला डिंक्या रोग लागू नये म्हणून दर पावसाळ्याआधी खोडांना मोरचूद आणि चुना फासतात. ज्या हातानं खोडं निळी केली त्याच हातानं नदी निळी करायला कुणाची ना असणार? प्रत्येक बागवाल्यानं आपापल्या कोठीतला उरलेला मोरचूद आणून दिला. इंद्रभाननं तो पोत्यात भरला, पोतं दोरीनं बांधलं, ट्रकच्या ट्यूबवर फळी टाकून तो पाण्यात उतरला आणि दोन दिवस पोतं ओढत बंधाराभर फिरला. मागं निळी रेघ उमटायची आणि विरघळून जायची. काम करताना त्याला आनंद होत होता, हे लपवायचं कशाला? आसराबाईचे तीन कोस वाचणार होते. बंधाऱ्याच्या माणसाच्या बायकोला पाण्यासाठी वणवण करावी लागते हे त्याला आत कुठंतरी सलत होतं, ती सल आता निघणार होती.

तिसऱ्या दिवशी साय पिवळी पडली. चौथ्या दिवशी फाटली आणि खाली बसली. सहाव्या दिवशी पाणी असं निवळलं की तळातले गोटे मोजावेत. वास गेला. काही मासे कडेला उलटे पडले होते, पण औषध म्हटलं की थोडा मार बसणारच, असं भुजंगराव म्हणाला आणि सगळ्यांना पटलं. लोक काठावर येऊन बघून जात होते. दारवाल्यानं काम केलं, असं म्हणत होते.

सातव्या दिवशी सकाळी इंद्रभाननं आसराबाईला सांगितलं, “आज माळावर जाऊ नको. इथंच पाजू.”

“त्या पोरीचा निरोप आला का?”

“अगं, पानी तर बघ की.”

“पानी बघितलं म्या. ती काय म्हन्ली व्हती? निकाल येऊ द्या म्हन्ली व्हती ना? फोन लावा तिला.”

इंद्रभाननं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावायला हवा होता, पण एव्हाना त्याचा आवाज चढला होता. “मी बावीस साल ह्या पान्यावर हाय. मह्या बापानं दोनशे मेंढरं मुलूखभर पाजली, एक दगावलं न्हाई. मला शिकीवती का तू?”

आसराबाईनं काठी खाली ठेवली. “मंग म्होरकीला पाजा आधी,” ती म्हणाली. “अन् बराबर थांबा.”

तो थांबला, अगदी रीतीनं थांबला. म्होरकी म्हणजे कळपात सगळ्यांत म्हातारी, तुटक्या कानाची मेंढी. ती पोटभर पाणी प्यायली आणि बाभळीच्या सावलीत उभी राहून रवंथ करू लागली. इंद्रभाननं दोन बिड्या ओढल्या. मनाची खात्री म्हणून तिसरी ओढली. मेंढीच्या पायात काही नव्हतं, तोंडाला काही नव्हतं, डोळे स्वच्छ होते. मग त्यानं हाळी दिली आणि चाळीसच्या चाळीस मेंढरं उतारावरून पाण्यावर आली. कितीतरी दिवसांनी त्यांना घराजवळ पाणी मिळत होतं. माना खाली घालून पिताना त्यांचा तो एकसारखा चुटचुट आवाज ऐकत इंद्रभान हसत उभा होता. आसराबाई हसली नाही, पण रागही धरला नाही. आज तिच्या पायांनाही सुट्टी होती.

दुपारी तीनच्या सुमाराला म्होरकीनं गुडघे टेकले. उठवायला गेले तर मान टाकली. मग दुसरी बसली, मग तिसरी, आणि तासाभरात काटेरी कुंपणाच्या वाड्यात उभी राहिलेली मेंढरं बसलेल्यांपेक्षा कमी झाली. ती ओरडत नव्हती. नुसती धापा टाकत होती, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. आसराबाई एकीकडून दुसरीकडं धावत होती, गूळपाणी पाजत होती, पाठ चोळत होती, प्रत्येकीला तिच्या नावानं हाक मारत होती. एक्केचाळिसांना एक्केचाळीस नावं होती हे इंद्रभानला त्या दिवशी कळलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती.

जनावरांचे डॉक्टर दिवस मावळायच्या आत आले. मेलेली एक मेंढी त्यांनी चिरून पाहिली. काळीज, म्हणजे यकृत, सुजून काळंनिळं झालं होतं, हात लावला की फाटत होतं. त्यांनी सगळं विचारून घेतलं, मोरचुदाचं नाव ऐकल्यावर हातमोजे काढले आणि हळू आवाजात सांगितलं. ते हिरवं जिवंत होतं तोवर विष त्याच्या पोटात होतं. मोरचुदानं ते मेलं, फुटलं, आणि पोटातलं विष पाण्यात मोकळं झालं. त्याला रंग नाही, वास नाही.

“मी म्होरकीला पाजून बघितलं व्हतं, सायेब,” इंद्रभान म्हणाला. “तीन बिड्या थांबलो.”

“हे विष लगेच मारत नाही. आधी काळीज नासवतं. सहा तास थांबला असतात तर दिसलं असतं.”

रोग परवडला पण औषध नको, असं आपल्यात म्हणतात. म्हणायला सोपं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शेवटची मेंढी गेली. आसराबाई वाड्याच्या मधोमध बसली होती. तिला कुणी ऊठ म्हणालं नाही आणि ती रडलीही नाही. इंद्रभान तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तिनं वर पाहिलं, आणि जणू शेजारचा कुणी आलाय अशी नजर बाजूला केली.

शीतलचा फोन अकराला आला. निकाल हातात होता. इंद्रभाननं ऐकून घेतलं, “बरं बाई,” म्हणाला आणि ठेवून दिला.

त्यानंतर भुजंगराव आला, बरोबर चार माणसं आणि साखळी-पुली. चोराच्या मनात चांदणं. तालुक्याहून चौकशीला येणार, पाण्याचे नमुने घेणार, ही बातमी त्याला लागली होती. काल-परवापर्यंत ज्या माणसाला एक थेंब सोडवत नव्हता, तो म्हणाला, “इंद्रभान, दारं काढ. समदं पानी जाऊ दे.”

“खाली तीन गावं हायती, मालक. वसंता धनगराचा मेंढरवाडा नदीतच हाय.”

“वाहतं पानी व्हईल, विष पातळ व्हईल. तूच म्हनत व्हता ना, पानी हलू द्या म्हनून?”

“तवा त्याच्यात इख सुटलं नव्हतं. मी दारं काढनार न्हाई.”

“काढनार न्हाई? अन् मोरचूद कुणाच्या हातानं पडला? जास्त टाकला आसशील तूच.” भुजंगरावाची नजर वाड्यातल्या ढिगाकडं गेली आणि तो जरा अडखळला. मग तोंड फिरवून त्यानं माणसांना खूण केली.

इंद्रभान त्यांच्या आधी बंधाऱ्यावर धावला आणि दारांपुढं आडवा झाला. दोघांनी त्याला दंडाला धरून काठावर आणून बसवलं. मारलं नाही, ढकललंही नाही. ती त्याच्याच गावची माणसं होती. त्यांनी पहिल्या खाचेतली माती उकरायला घेतली. ती माती इंद्रभाननं ठोकली होती, लवकर निघणारी नव्हती. दोन तास तरी लागतील, त्यानं मनात हिशेब केला.

तो घरी परतला तेव्हा आसराबाई डोईवर पदर घेऊन, हातात काठी घेऊन दारात उभी होती. कालपासून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. “चला,” ती म्हणाली. “पान्याच्या आधी पोचायला पायजे.”

ती दोघं नदीच्या कोरड्या पात्रातून खाली निघाली, ती पुढं आणि तो मागं. पहिल्या गावात पारावर माणसं बसली होती. इंद्रभाननं त्यांना सांगितलं की वरून पाणी येतंय, ते जनावरांना पाजू नका. लोकांनी विचारलं, कशावरून? तेव्हा त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, मोरचूद कुणी टाकला इथपासून. दुसऱ्या गावातही तेच. बावीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोक पाणी धरत होते, त्याला आता गावोगाव आपल्या तोंडानं आपली चूक सांगत फिरावं लागत होतं. ऐकणारे त्याच्याकडं बघायचे, मग आसराबाईकडं, आणि जनावरं आवरायला उठायचे.

उन्हं कलली तेव्हा ती वसंताच्या वाड्यावर पोचली. वसंता आसराबाईच्या माहेरच्या नात्यातला, वयानं त्यांच्याच बरोबरीचा. पात्रातल्या एका डबक्याशी तो साठेक मेंढरं घेऊन उभा होता. वरच्या वळणावरून नुकतीच पाण्याची बोटभर धार येऊ लागली होती, आणि मेंढरांनी कान टवकारले होते.

“वसंता, मेंढरं मागं घे,” इंद्रभान लांबूनच ओरडला.

“कामून? पानी तर काचावानी हाय.”

“आमचंबी काचावानीच व्हतं,” आसराबाई म्हणाली. “एक राह्यली न्हाई.”

वसंताचा हात कमरेवर गेला. “एकबी न्हाई? पाजलं कोनी?”

आसराबाई खाली बघत होती. इंद्रभान पुढं आला. “म्या पाजलं. ही नको म्हनत व्हती.”

वसंतानं शीळ घातली, मेंढरं पाण्यापासून वळवली आणि वर काठावर नेऊन कुंपणात कोंडली. मग कळपात शिरून तो बराच वेळ चाचपत राहिला आणि एक तरणी, गाभण मेंढी कान धरून घेऊन आला. धनगरात रीत आहे. कुणाचा कळप बुडाला तर प्रत्येक वाड्यानं एकेक मेंढी द्यायची, म्हणजे कळप पुन्हा उभा राहतो. त्यानं मेंढीचा कान आसराबाईच्या हातात दिला. “घे, बाई. बाकीचे वाडेबी देतील. मी निरोप धाडतो.”

आसराबाईनं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. पोटाला हात लावून आतलं कोकरू चाचपलं. आणि तिथं, दुसऱ्याच्या वाड्यात, कालपासूनचं सगळं रडू तिला एकदम आलं. इंद्रभान दोन पावलं लांब उभा राहिला, जवळ जायची त्याची हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं आणि मेंढी वसंताकडं परत ढकलली.

“नगं, वसंता.”

“अगं, रीत हाय. न्हाई म्हनू नये.”

“हौदाच्या वाटंत एक गाभडली. घिऊन जाऊ, मंग पाजू कुठलं पानी?” आसराबाई म्हणाली.

पात्रातली धार तोवर हातभर रुंद झाली होती आणि डबक्यात मिसळून तिसऱ्या गावाकडं सरकत होती. आसराबाईनं काठी उचलली आणि ती धारेच्या पुढं चालू लागली. इंद्रभान तिच्यामागून निघाला.